महोगनीवाले स्थळ

माणसाची किंमत त्याच्याजवळ आज काय आहे यावरून न ठरवता पुढे काय असणार आहे यावरून ठरवावी, हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण होय. आज जे आहे ते तर कोणालाही दिसते. त्यात पाहणाऱ्याचे कौतुक काय? सौंदडपासून सात किलोमीटरवरचे कोसमटोला हे गाव या कसोटीला उतरले, त्याला आता सात वर्षे झाली. त्याआधी गाव मागासलेले होते आणि धान पिकवत होते.

चुन्नीलाल हा या गावातला तीन एकरांचा धनी. घरी बायको सुशिलाबाई आणि दोन मुलगे. थोरला इंद्रकुमार लग्नाचा झाला होता, आणि तिथेच सगळे अडले होते. शेतीवाल्या पोराला मुलगी द्यायची नाही असा ठराव या जिल्ह्यात कोणत्या सभेत झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, याची नोंद कुठेही सापडत नाही. अंमलबजावणी मात्र काटेकोर आहे (इतर ठरावांच्या बाबतीत असे क्वचित घडते). विशेष म्हणजे मुलीचे वडील स्वतः शेतकरी असत, त्यांचाही एक मुलगा बिनलग्नाचा घरी बसलेला असे, आणि त्याबद्दल ते चहा पिता पिता हळहळतही. मग कप खाली ठेवून नकार देत. इंद्रकुमारला चार वर्षांत चौदा नकार आले. त्यांपैकी अकरा चहानंतर, दोन चहाआधी आणि एक फोनवर, चहा वाचवून.

यावर उपाय निघाला तो महोगनीतून. वास्तविक महोगनी गावात आली तेव्हा तिचा लग्नाशी काही संबंध नव्हता. तिला आणले देवरीकडच्या उमेंद्रने. उमेंद्रच्या मोटरसायकलला दोन पिशव्या असत: डावीत रोपांची माहितीपत्रके, उजवीत उपवर मुलामुलींचे बायोडाटे. दोन्ही धंदे विश्वासाचे, आणि दोन्हींत माल पुढे कसा निघेल याची जबाबदारी घ्यावी लागत नाही.

माहितीपत्रकात लिहिले होते की महोगनी हा दूरदेशीच्या घनदाट पावसाळी जंगलातला वृक्ष असून तो दीडशे फूट वाढतो, त्याच्या लाकडाची जहाजे, पियानो आणि राजेरजवाड्यांचे पलंग होतात, आणि बारा वर्षांत लावणारा कोट्यधीश होतो. शेजारी फोटो होता. त्यात एक गोरा माणूस बुंध्याला कवेत घेऊ पाहत होता आणि ते त्याला जमत नव्हते. (गोरा माणूस खोट्या झाडापाशी कशाला उभा राहील, असा मुद्दा निघाला आणि सर्वांना पटला.)

या झाडाला बाराही महिने पाऊस लागतो, पण मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. कोसमटोल्यात पाऊस चार महिने पडतो आणि तो सगळाच्या सगळा बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, साचवून ठेवतात, कारण धानाला तसेच लागते. उरलेले आठ महिने काय असते ते मे महिन्यात अनवाणी चालणाऱ्याने सांगावे. ही तफावत चुन्नीलालने भीत भीत काढली, तेव्हा उमेंद्रने ती एका वाक्यात मिटवली.

"काकाजी, झाडाले का मालूम का आपन गोंदियात हावो?"

झाडाला खरोखरच ते माहीत नसणार, हे चुन्नीलालला कबूल करावे लागले. गावच्या कुंपणापाशी साग न सांगता उगवत होता, परंतु पिकते तिथे विकत नाही, आणि न सांगता उगवणाऱ्या गोष्टीला माहितीपत्रकही नसते. तेव्हा शेहेचाळीस घरांनी मिळून नऊ हजार तीनशे रोपे लावली. त्यांतली चारशे चुन्नीलालची.

पहिल्याच पावसाळ्यात झाडांना आपण कुठे आहोत हे समजले. चारशेपैकी सात जगली, त्यातले एक शेणखताच्या खड्ड्यापाशी होते म्हणून. गावभर हीच गत. फक्त मनिरामच्या टेकरावरची दोनशे बारा झाडे टिकली. हा टेकर म्हणजे उंचावरचा मुरमाड तुकडा. तिथे पाणी थांबत नाही, म्हणून धान होत नाही, म्हणून मनिरामला आजवर सगळे हसत आले होते. आता तोच एकटा महोगनीवाला ठरला. त्याची बायको रुख्मा तर पाण्याची गुंडी घेऊनही टेकरावरूनच जायला लागली, विहीर दुसऱ्या बाजूला असताना.

झाडे तीन वर्षांची झाली तेव्हा मनिरामचा मुलगा वीरेंद्र याला पाहायला देवरीचे पाहुणे आले. नकार देण्याच्या इराद्यानेच आले होते; परतीच्या बसची वेळही विचारून ठेवली होती. जाता जाता टेकर दिसला. हे काय म्हणून विचारले. मनिरामने माहितीपत्रक दाखवले. पाहुण्यांनी बस सोडली. महिन्याभरात साक्षगंध उरकले आणि वीरेंद्र हा तालुक्यातला पहिला असा जावई झाला की ज्याची निवड त्याच्या आजच्या सव्वीस वर्षांवरून न होता नऊ वर्षांनी निघणाऱ्या लाकडावरून झाली होती.

तिथून पुढे बायोडाट्यात 'शिक्षण' आणि 'मामाचे गाव' यांच्या मधोमध 'महोगनी' असा रकाना आला. मुलगा पाहण्याच्या कार्यक्रमाला 'झाड पाहणे' म्हणू लागले. मुलगा तिथे असला तर हरकत नसे. या कार्यक्रमाची एक रीत हळूहळू बसली, ती अशी.

झाडाचा घेर छातीभर उंचीवर मोजतात, हा वनशास्त्राचा नियम उमेंद्रने सांगितला. छाती कोणाची, हे शास्त्रात नव्हते. बुंधा खाली जाड आणि वर बारीक असल्यामुळे मुलीकडचे लोक उंच मावसभाऊ घेऊन येऊ लागले, आणि मुलाकडचे बुटका काका पुढे करू लागले. एका कार्यक्रमात यावरून धक्काबुक्की झाली. शेवटी ग्रामसभेने गावचे माजी पोलीस पाटील केशोराव यांची छाती प्रमाण मानली. प्रत्येक मोजणीला केशोराव टोपी घालून हजर राहत, झाडाला पाठ लावून उभे राहत, आणि मानधन म्हणून शेला-नारळ घेत. त्यांचे वय एक्याऐंशी. ते दरसाल थोडे वाकत असल्याने झाडांची वाढ उत्तम दिसत होती.

आता झाडे एकाचीच आणि बिनलग्नाची पोरे अकरा, हा प्रश्न राहिला. परंतु बोहल्यावर चढणाऱ्याला शेजाऱ्याची घोडी, काकाची अंगठी आणि मित्राचा कोट मागून आणण्याची आपल्याकडे परंपरा आहेच. झाडे तेवढी उचलून आणता येत नव्हती, म्हणून मालक उचलून न्यायचे ठरले. टेकराच्या फाटकावर पत्र्याची पाटी लावली: 'श्री. …… यांची महोगनी बाग'. रिकाम्या जागी खडूने नाव लिहायचे. बदल्यात ज्याच्या नावाची पाटी लागे त्याने महिनाभर बागेचे निंदण करायचे आणि पाणी घालायचे. बिनलग्नाच्या मुलांनी इतकी जीव ओतून केलेली शेती जिल्ह्यात दुसरीकडे नव्हती. दर अविवाहितामागे एकोणीस झाडे असे हे प्रमाण पडते, आणि ते समाधानकारक मानायला हवे.

चुन्नीलालने मात्र तीन वर्षे पाटी मागितली नाही. तो तत्त्वाचा माणूस होता असे नव्हे. त्याला खोटे बोलताना घाम यायचा. "दुसऱ्याचं झाड आपलं म्हनू तं धान पिकन का?" असे तो म्हणे. धान पिकत होते, सून येत नव्हती. एव्हाना इंद्रकुमार एकोणतीस वर्षांचा झाला. चौदावा नकार आला त्या दिवशी तो नेहमीसारखा बांधीवर गेला आणि नुसता कडेच्या धुऱ्यावर बसून राहिला.

त्यातच उमेंद्रने हिशेब मांडला. मुलगा एकोणतीस, झाड सहा, बेरीज पस्तीस. छत्तीस गुणांपैकी पस्तीस जुळतात. पुढल्या साली मुलगा तीस, झाड सात, बेरीज सदतीस. म्हणजे गुण पत्रिकेच्या बाहेर जातात, आणि बाहेर गेलेले गुण कोणताही भटजी आत घेऊ शकत नाही. "हेच साल हाये काकाजी," उमेंद्र म्हणाला, "मंग झाड वाढन, पन पोरगा बसन." सुशिलाबाईने देवापुढे दिवा लावला आणि नवऱ्याला मनिरामकडे पिटाळले.

बापलेक महिनाभर टेकरावर निंदायला गेले. पाटीवर चुन्नीलालचे नाव चढले. खडूने लिहिलेले आपले नाव वाचताना त्याला कानकोंडे झाले, पण खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले.

ठरल्या रविवारी केशोरीहून पाहुणे आले: छोटेलाल, त्यांचा मुलगा विक्की (उंच), आणि स्वतः मुलगी, दुर्गेश्वरी. मुलीने झाडे पाहायला यायची रीत नव्हती. पण दुर्गेश्वरीचे केशोरीत शिवणाचे दुकान होते, आणि दुसऱ्याने घेतलेल्या मापावर तिचा विश्वास नव्हता. टेप तिच्या गळ्यातच होता.

केशोराव टोपी सारखी करून झाडाला पाठ लावून उभे राहिले. दुर्गेश्वरीने झाडाआधी त्यांनाच माप लावले.

"काकाजी, सरळ उभे राहा जरा."

"सरळच हावो बाई."

"चार फूट एक इंच," ती म्हणाली. "माप तं साडेचार फुटावर घेतेत."

ग्रामसभेने मान्य केलेल्या छातीला आजवर कोणी आव्हान दिले नव्हते. केशोराव दुखावले आणि नारळ घेऊन सावलीत जाऊन बसले. चुन्नीलालला घाम सुटायला सुरुवात झाली. पण खरे संकट पुढे होते. टेप लावता लावता दुर्गेश्वरी थांबली आणि तिने बुंध्यावरून बोट फिरवले.

"हे पट्टे कायचे जी?"

याचे असे झाले होते की दरवेळी मुलीकडचे लोक झाडे मोजत, तेव्हा एकच झाड दोनदा मोजले जाऊ नये म्हणून मोजलेल्या झाडावर खूण करत. पहिल्यांनी चुन्याचा पट्टा ओढला. दुसऱ्यांनी गेरूचा. तिसऱ्यांबरोबर आलेल्या आत्याने नेलपॉलिश वापरले. कोणी घराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट आणला होता. दोनशे बारा झाडांवर, एकाखाली एक, असे नऊ स्थळांचे नऊ पट्टे होते. साऱ्या गावाने ते रोज पाहिले होते, आणि ते पुसावेत असे एकाही शहाण्याच्या मनात आले नव्हते. मोजणीची खूण पुसणे बेकायदेशीर असेल अशीच सर्वांची समजूत होती.

"ते..." चुन्नीलाल म्हणाला, "ते सालाचे हायेत. एका सालाले एक."

"झाड किती सालाचं हाये?"

"सहा."

दुर्गेश्वरीने पट्टे मोजले. हळू मोजले, बोट लावून. मग ती चुन्नीलालकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला वाटले. पण टेकराचा मुरूम फार घट्ट असतो.

तेव्हा इंद्रकुमार पुढे झाला. चौदा नकारांत तो एकूण नऊ वाक्ये बोलला होता, त्यातली सहा 'नमस्कार' होती.

"झाडं मनिराम काकाची हायेत," तो म्हणाला. "आमी चारशे लावली होती, सात जगली. एक परवा बकरीनं खाल्लं. मांगचा महिनाभर मी इथं निंदून राहिलो, एवढंच आमचं."

विक्कीने उंच असल्यामुळे वर पाहिले. दुर्गेश्वरी टेप गुंडाळत होती.

"मंग तुमचं का हाये?"

"तीन एकर बांधी."

"धान किती होते?"

हा प्रश्न इंद्रकुमारला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तो बोलायला लागला आणि थांबेना. कोणत्या बांधीत पाणी कसे जाते, रोवणीला पऱ्ह्यातली रोपे किती दिवसांची घ्यायची, खालच्या बांधीत कोणते बी टाकले आणि वरच्या बांधीत ते का टाकले नाही, मागल्या साली मावा आला तेव्हा काय केले. बोलता बोलता हात असे हलवत होता की समोर पाणीच वाहत आहे. चुन्नीलाल तोंडाकडे पाहत राहिला. आपल्या पोराला इतके येते हे त्याला माहीत होते, पण ते कोणी ऐकून घेताना त्याने पहिल्यांदाच पाहिले. त्याने शेल्याने घामच पुसल्यासारखे केले. (शेला केशोरावांचा होता.)

"बाबा," दुर्गेश्वरी वडिलांना म्हणाली, "मले पसंत हाये."

छोटेलालांनी चुन्नीलालला हाताला धरून फाटकाबाहेर नेले. आता शिव्या बसणार म्हणून चुन्नीलालने डोळे मिटले.

"पाहुने," छोटेलाल दबक्या आवाजात म्हणाले, "पोरगी म्हनते तं मी नाई म्हनत नाई. पन हे झाडाचं इथंच ठेवा. बाहेर बोलू नोका. मह्या लहान पोरीची, टीनाची सोयरीक व्हायची हाये. मोठा जावई महोगनीवाला हाये म्हनलं तं तिले स्थळ बरं येईन."

"पन खोटं..."

"आन विक्कीचंबी व्हायचं हाये. त्याची झाडं आमी केशोरीत मह्या साळ्याच्या बागेत दाखवून राहिलो. कायले एकमेकाचं उघडं पाडता?"

चुन्नीलालने मान डोलावली. दोन कुटुंबांचा असा मोकळा विश्वास बसल्यावर सोयरीक व्हायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात लग्न झाले. पत्रिकेत वराच्या नावाखाली 'महोगनी बागायतदार' असे छापले होते. छोटेलालांनी ते स्वखुशीने, जाड अक्षरांत छापून घेतले. अक्षता टाकायला आलेल्यांपैकी चौघांनी जेवणाच्या पंगतीतच चुन्नीलालला बाजूला घेऊन धाकट्या चंद्रकुमारविषयी विचारले. आपल्या घराला इतका मान मिळालेला सुशिलाबाईने जन्मात पाहिला नव्हता, ती रडली.

इथवर सगळे सुरळीत होते. बिघाड केला तो दुर्गेश्वरीने. चंद्रकुमारचे वय सत्तावीस झाले तेव्हा उमेंद्र पाटीवर नाव लिहायला खडू घेऊन आला, आणि नव्या सुनेने त्याला ओसरीवरूनच परत पाठवले. दिराचा बायोडाटा तिने स्वतः लिहिला. त्यात लिहिले होते: शेती, तीन एकरांत भावाबरोबर. धान चांगले पिकवतो. दारू नाही. वांगी सोडून सगळ्या भाज्या करता येतात. स्वभाव थोडा चिडका, पण भांडण दुसऱ्या दिवसापर्यंत नेत नाही. महोगनी: नाही.

उमेंद्रने हा कागद पिशवीत घ्यायला नकार दिला. बाकीच्या बायोडाट्यांना लागण होईल असे त्याचे म्हणणे पडले. मग तिनेच तो एकेचाळीस घरी धाडला. तेहेतीस घरांनी 'नाही' ही छपाईची चूक आहे का अशी चौकशी केली. सहांनी निदान सागाचा तरी आकडा मागितला. दोघांनी थोरल्या भावाच्या झाडांत वाटणी झाली का, असे विचारले. आणि सरतेशेवटी एकेचाळीसही घरांनी, अत्यंत सभ्य भाषेत, 'घरी विचारून कळवतो' असे सांगितले. चंद्रकुमार आताशा संध्याकाळी धुऱ्यावर बसून राहायला लागला आहे.

यावर चुन्नीलालने पुष्कळ विचार केला. चूक लोकांची नाही, आपण भलत्या लोकांकडे विचारत आहोत, असे त्याचे मत बनले. गावोगावच्या माणसांना पुढे दिसणाऱ्या कोटींचा मोह पडणारच. पण जगात अशीही माणसे आहेत जी पुस्तके वाचतात, ज्यांना असल्या खुळांचे हसू येते, जी माणसाकडे पाहतात, त्याच्या उद्याकडे नाही. अशांपर्यंत हा बायोडाटा पोचवावा, असे त्याने सुचवले, आणि सदर मजकूर केवळ त्याच हेतूने प्रसिद्ध करण्यात येत आहे.

तरी वाचकांस विनंती. आपल्या घरी, नात्यात किंवा शेजारी एखादी मुलगी असेलच. आपण महोगनी मागणार नाही, एवढे तर दिसलेच आहे. मुलाला नोकरी नाही, तशी ती लागण्याचा संभवही नाही. पुण्या-नागपुरात फ्लॅट नाही, बुकिंगही नाही. परदेशी जाण्याची शक्यता शून्य. जे आहे ते वर लिहिले आहे, आणि ते सगळे आजचे आहे. रविवारी येण्याची गरज नाही, कोणत्याही दिवशी यावे, चहा होईल.

काय म्हणालात? घरी विचारून कळवता?

बरे. त्या एकेचाळीस जणांनीही असेच म्हटले होते. पण ते मधे कुठे हसले नव्हते, म्हणून चुन्नीलालला आपल्याकडून फार आशा होती.